दर्शन घेणारा डोळा

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरण उजळतात, दुसऱ्या दिवशी उजेड छातीपर्यंत चढतो, तिसऱ्या दिवशी मुखावर येतो, असा परंपरेने सांगितलेला क्रम आहे. यामागचे गणित अवघड नाही. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो. त्याच्या एक्केचाळीस-बेचाळीस दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो. कोल्हापूरहून पाहता ही जागा पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला पडते. देवळाची वाट त्या जागेकडे रोखलेली, म्हणून उत्सव दोनदा. सूर्य जसजसा खाली उतरतो तसतशी आत आलेली तिरीप आडवी होत जाते आणि फरशीवरून पायांवर, पायांवरून वर चढू लागते. पण लोक तिथे भूमिती पाहायला येत नाहीत, दर्शनाला येतात. आणि दर्शन म्हणजे नुसते दिसणे नव्हे. भक्त देवीकडे पाहतो, देवी भक्ताकडे पाहते, अशी ती भेट मानली जाते. म्हणून तर मूर्ती घडवून पूर्ण झाली तरी सोन्याच्या शलाकेने नेत्रोन्मीलन झाल्याशिवाय ती पूजेला घेत नाहीत. पाहणे म्हणजे भेटणे, या समजुतीला आपल्याकडे एका शास्त्राचाही आधार होता. डोळ्यातून किरण निघतो, वस्तूला जाऊन भिडतो आणि मग वस्तू दिसते, असे ते शास्त्र सांगत होते. ते आज साफ खोटे ठरले आहे. मग त्याच्यासोबत दर्शनही निकालात निघाले का? मला वाटते, नाही. दर्शनाला त्या किरणाची गरज नव्हतीच. किरणाबरोबर जे खरोखर कोसळते ते वेगळेच आहे, आणि ते कोसळले हे बरेच झाले.

आधी त्या शास्त्राची बाजू नीट ऐकली पाहिजे, कारण आज ते जितके भाबडे वाटते तितके ते नव्हते. न्यायदर्शनाच्या तिसऱ्या अध्यायात गौतमाने हा विषय बराच विस्ताराने घेतला आहे. नैयायिकांचे म्हणणे असे की इंद्रिय आणि वस्तू यांचा संयोग झाल्याशिवाय ज्ञान होत नाही. जीभ पदार्थाला लागते तेव्हा चव कळते, त्वचा लागते तेव्हा ऊन-थंड कळते. डोळ्याला वेगळा न्याय का लावायचा? वस्तू डोळ्यापर्यंत चालत येत नाही हे उघड आहे, तेव्हा डोळ्यानेच जायला हवे. डोळा दिव्यासारखा रूप उजळून दाखवतो, म्हणून तो तेजाचा बनलेला; आणि तेजाचा आहे म्हणून त्याला किरण आहेत. मग ते दिसत का नाहीत? त्यांचे रूप अनुद्भूत आहे, म्हणजे आहे पण प्रकट नाही. भिंतीआडचे दिसत नाही, कारण किरण अडतो. काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या पलीकडचे दिसते, कारण तिथे तो अडत नाही. आरशात स्वतःचे तोंड दिसते, कारण किरण आरशावर आपटून उलटा फिरतो आणि तोंडाला येऊन लागतो. आणि पुरावा म्हणून रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे डोळे: अंधारात मांजराचे डोळे चमकताना सगळ्यांनीच पाहिलेले असतात. सुश्रुतानेही बुबुळातल्या दृष्टीचे वर्णन करताना ती मसुरीच्या डाळीएवढी आणि काजव्यासारखी, ठिणगीसारखी चमकणारी सांगितली आहे. वैद्य आणि तार्किक दोघांनाही डोळ्यात आग दिसत होती.

याला विरोध बाहेरून नव्हे, घरातूनच झाला. बौद्ध आणि जैन तार्किकांनी डोळा वस्तूपर्यंत पोचतच नाही, असा पक्ष घेतला. डोळा मसुरीएवढा आणि दिसतो अख्खा डोंगर, हे कसे? झाडाची फांदी हाताशी आणि चंद्र कुठल्या कुठे. दोन्ही एकदम कसे दिसतात? आणि जैनांचा सर्वांत नेमका प्रश्न: चिकटून असलेलेच दिसत असेल, तर डोळ्यातले काजळ डोळ्याला का दिसत नाही? नैयायिकांनी उत्तरे दिली. किरण पुढे पसरत जातो, म्हणून मोठी वस्तू मावते; फांदी आणि चंद्र एकामागून एकच दिसतात, पण मधला वेळ इतका थोडा की कळत नाही. उत्तरे तर्कात बसणारी होती, पण ती तपासायचा मार्ग कोणाकडेच नव्हता. तो मार्ग बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैथमने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवला. प्रखर उजेडाकडे पाहिले की डोळा दुखतो, आणि मिटल्यावरही त्या उजेडाची छाप काही वेळ राहते. म्हणजे काहीतरी बाहेरून येऊन डोळ्यावर परिणाम करते. आणि डोळ्यातून किरण निघतो असे मानले तरी त्याने बातमी घेऊन परत यायलाच हवे. मग जो उजेड येतोच आहे त्यावर भागत असताना जाणारा किरण मानायचा कशाला? १६०४ मध्ये केप्लरने दाखवून दिले की बाहेरच्या वस्तूचे उलटे चित्र डोळ्यामागच्या पडद्यावर उमटते, आणि १६३७ मध्ये देकार्तने मेलेल्या बैलाच्या डोळ्याचा मागचा भाग सोलून तिथे पातळ पापुद्रा लावला व ते चित्र उघड्या डोळ्यांनी पाहता येते, हे सांगितले. मांजराच्या डोळ्याचाही उलगडा पुढे झाला. त्याच्या पडद्यामागे एक चकचकीत थर असतो, तो बाहेरून आलेला उजेड परतवतो. पूर्ण अंधारात मांजराचे डोळे चमकत नाहीत. पुरावा होता तोच राहिला, फक्त साक्ष उलटली.

इथे आपल्याकडचा एक वर्ग लगेच पुढे सरसावतो: हे सगळे ऋषींना ठाऊकच होते. सूर्य अर्ध्या निमिषात २२०२ योजने जातो, या ऋग्वेदावरच्या सायणाच्या भाष्यातल्या वाक्यातून प्रकाशाचा आजचा वेग काढून दाखवला जातो. योजनाची लांबी निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळी आहे. त्यातली सोयीची उचलली की हवा तो आकडा मिळतो. या मंडळींनी खरे तर नैयायिकांचा अपमान चालवला आहे. प्रतिपक्षाचा आक्षेप त्याच्याच शब्दांत मांडून त्याला उत्तर देणाऱ्या माणसांना आपण आधीच बरोबर होतो असे कोणी म्हणावे याची गरज नाही. ती चुकली, आणि चूक सापडू शकेल इतक्या स्पष्टपणे बोलली. किरणोत्सवाच्या बातम्यांतही हल्ली ‘वैश्विक ऊर्जा’ वगैरे शब्द येतात. गाभाऱ्यात येणारी किरणे आणि त्याच घडीला बाहेर महाद्वार रोडवरच्या फेरीवाल्याच्या पाठीवर पडणारी किरणे एकच आहेत. सूर्य क्षितिजाला टेकलेला असल्याने ती हवेच्या लांबलचक थरातून येतात, वाटेत निळा उजेड विखुरला जातो आणि सोनेरी तेवढा उरतो.

तेव्हा डोळ्यातून काही जात नाही, हे पक्के. पण केप्लरने प्रश्न सोडवला तो निम्माच, आणि हे त्याला स्वतःला माहीत होते. चित्र पडद्यावर पडल्यावर पुढे काय होते ते त्याने इतरांवर सोपवले. मीटरभर उंचीची मूर्ती दहा मीटरवरून पाहिली तर पडद्यावर तिचे चित्र दीड-पावणेदोन मिलिमीटरचे असते, तेही खाली डोके वर पाय. पाहणे म्हणजे हे चित्र पाहणे, असे म्हटले की पुढचा प्रश्न उभाच आहे: ते चित्र कोण पाहते? मेंदूत आणखी एक डोळा मानला तर त्याच्यामागे तिसरा लागेल. देकार्तने हा धोका ओळखून बजावले होते की मेंदूच्या आत दुसरे डोळे नसतात. तरीही आज शाळेच्या पुस्तकापासून यूट्यूबवरच्या व्याख्यानापर्यंत सर्वत्र हेच सांगितले जाते की आपण जग पाहत नाही, मेंदूतले जगाचे चित्र पाहतो. विज्ञानाच्या नावावर खपणारे हे विधान विज्ञानाचे नाहीच. ते वाईट तत्त्वज्ञान आहे.

प्रत्यक्षात डोळा काय करतो ते गाभाऱ्यातच पाहू. काळा दगड त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी शंभरात पाचेक भाग परत पाठवतो, पांढरे कापड ऐंशीच्या आसपास. तिरीप मुखावर आली की त्या दगडावरचा उजेड बाजूच्या सावलीतल्या पांढऱ्या कापडावरच्या उजेडापेक्षा कितीतरी पटींनी वाढतो. वीस पटींनी वाढला तरी दगडाकडून डोळ्यात येणारा प्रकाश कापडाकडून येणाऱ्यापेक्षा जास्त होतो. मोजमापाच्या हिशेबाने दगड पांढरा आणि कापड काळे दिसायला हवे. तसे कोणालाच दिसत नाही. दगड काळाच दिसतो, उजळलेला काळा. म्हणजे किती प्रकाश आला याची नोंद डोळा करत बसत नाही. प्रकाश किती पडला आणि दगड कसा आहे, हे दोन वेगळे करून दगडाचा गुण तेवढा तो धरतो. त्यासाठी त्याला आजूबाजूची साक्ष लागते. १९२९ मध्ये गेल्ब या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत एका काळ्या चकतीवरच झोत सोडला, तेव्हा ती पाहणाऱ्यांना पांढरी दिसली. शेजारी, त्याच झोतात, पांढऱ्या कागदाचा तुकडा धरताच ती एकदम काळी झाली. चकती तीच होती आणि तिच्याकडून डोळ्यात येणारा प्रकाशही तितकाच होता. दुसरे उदाहरण आणखी सोपे. एक डोळा मिटून उघड्या डोळ्याने मूर्तीच्या साधारण १५ अंश बाजूला, नाकाच्या दिशेला, पाहिले, तर दहा मीटरवरची ती मीटरभर मूर्ती अख्खी नाहीशी होऊ शकते, कारण जिथून मज्जातंतू बाहेर पडतो त्या जागी पडद्यावर दृष्टीच नाही. असे भोक प्रत्येक डोळ्यात आहे आणि जगात भोक मात्र कोणाला दिसत नाही. ठळक दिसते तेही नजरेच्या मध्यावरचे, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढे. बाकीचे आपण सेकंदाला तीनेक वेळा डोळा हलवून गोळा करतो. पाहणे ही चाललेली क्रिया आहे, आलेले टपाल घेणे नव्हे.

याच जागी आपल्या शास्त्रांतले एक आवडते उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, हा दृष्टांत मीमांसकांपासून वेदान्त्यांपर्यंत सर्वांनी भ्रमाचा नमुना म्हणून वापरला. आपल्या बोलीतही तो मुरला आहे. पण कावीळ झालेल्या बहुतेकांना जग पिवळे दिसत नाही. त्यांचे डोळे पिवळे दिसतात ते इतरांना. उलट ज्यांना कसलाच आजार नाही, त्यांच्या डोळ्यातले भिंग वयाबरोबर खरोखर पिवळे पडत जाते, साठी-सत्तरीत तर चांगलेच, आणि तरी त्यांना शंख पांढराच दिसतो. मोतीबिंदू काढून नवे भिंग बसवल्यावर काही दिवस पांढरे धोतर निळसर वाटते, अशी तक्रार अनेक जण करतात. मग तेही निवळते. म्हणजे दृष्टांताचा रोख उलटाच आहे. पिवळ्या काचेतून पाहत असतानाही डोळा शंखाचा पांढरेपणा गाठतो. भ्रम होतात, गेल्बची चकती हाही भ्रमच, पण त्यावरून सगळे पाहणे भ्रम ठरत नाही. कागदाचा तुकडा आला की चूक दुरुस्त झाली, तीही डोळ्यानेच केली.

आता नैयायिकांकडे परत जाता येते. त्यांच्या सिद्धांतात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या: एक, डोळ्यातून किरण जातो, दुसरी, आपल्याला दिसते ती वस्तूच, तिच्या जागी असलेली, तिची आतली नक्कल नव्हे. पहिली पडली. दुसरी पडायचे कारण नाही, आणि वरची उदाहरणे तिच्याच बाजूने बोलतात. वेदान्तपरिभाषेत धर्मराज अध्वरींद्राने हीच गोष्ट पाण्याच्या दृष्टांताने मांडली: तळ्याचे पाणी पाटाने शेतात जाते आणि वाफ्याचा आकार घेते, तसे अंतःकरण डोळ्याच्या वाटेने वस्तूपर्यंत जाऊन तिचा आकार घेते. पाणी खरेच बाहेर जाते असे धरले तर हे चूक आहे; पाहणाऱ्याने वस्तूच्या मापाने स्वतःला घडवावे लागते असा अर्थ घेतला तर मला त्यात खोट दिसत नाही. यावर कोणी म्हणेल, देवयानी दीर्घिकेचे काय? अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना दिसणारा तो पुसट ठिपका सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे. आज ती दीर्घिका तशी असेलच असे नाही. मग वस्तू दिसली असे कसे म्हणायचे? आक्षेप वजनदार आहे, पण तो ‘आत्ता’ला लागतो, ‘वस्तू’ला नाही. गडगडाट उशिरा पोचला म्हणून वीज कडाडलीच नाही असे आपण म्हणत नाही. सूर्यही आपण आठ मिनिटे वीस सेकंदांपूर्वीचाच पाहतो, आणि पाहतो तो सूर्यच. संयोग एकाच क्षणी व्हावा हा हट्ट सोडावा लागतो, इतकेच.

किरण पडल्याने खरोखर जे कोसळते ते नजरेचे सामर्थ्य. डोळ्यातून काही निघत नसेल तर कोणाच्या पाहण्याने मूल आजारी पडू शकत नाही, आणि मीठ-मोहरी ओवाळून उतरवायला दृष्ट उरत नाही. ही समजूत निरुपद्रवी आहे असे मानणाऱ्यांनी तिचे दुसरे टोक पाहावे. पाहणे म्हणजे स्पर्श असेल तर अस्पृश्याचे पाहणेही विटाळ ठरते. जेवणाच्या पानावर कोणाची नजर पडली तर अन्न टाकून देण्याचे नियम आपल्याकडे होते. जुन्या केरळात काही जातींच्या लोकांचे नुसते दृष्टीस पडणेही विटाळ मानले जाई. नैयायिकांनी हे नियम केले नाहीत, पण ज्या चित्रात नजर हा बाहेर जाणारा पदार्थ आहे त्या चित्रात ते बसून जातात. आणि गंमत अशी की हे नियम पाळणारेच गरजेप्रमाणे उलटेही बोलत. संत चोखोबांना पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात येऊ दिले नाही. त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. ते देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण करावे लागले तोवर ‘कळसाचे दर्शन घ्या, तेही तेवढेच’ हे उत्तर तयार असे. पाहणे खरेच भिडणे असते तर कळसदर्शनावर कोणाची तक्रार राहिली नसती. पंढरीच्या भाविकाला हा फरक नेमका कळतो: तिथे मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी, आणि पदस्पर्शासाठी लोक तासन्‌तास उभे राहतात.

मग दर्शनात काय उरते? एक आक्षेप असा येईल की उरलेले सगळे मानसशास्त्र आहे: डोळा दगड पाहतो, देवी ही मनाने घातलेली भर. पहिला भाग मला मान्य आहे. दगडावरून येणाऱ्या प्रकाशात देवपणाची खूण नसते आणि किरणोत्सवाने ती येत नाही. पण पाहणे ही क्रिया असेल, नजर कुठे ठेवायची, कशाला कशाशी ताडायचे, कशाला मुख्य मानायचे हे ठरवत चालणारी, तर कोणी काय पाहायला शिकला आहे याला अर्थ येतो. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाला त्याच मूर्तीत आयुधांचा क्रम दिसतो, जो शेजारच्याला दिसत नाही. तो क्रम त्याच्या मनाची भर नव्हे. भक्ताला जे दिसते तेही त्याच जातीचे आहे असे मी म्हणत नाही. आयुधे मोजून दाखवता येतात, देवपण दाखवता येत नाही. इतकेच म्हणतो की दर्शन नाकारायचे तर ते डोळ्याच्या शास्त्राच्या जोरावर नाकारता येणार नाही, आणि सिद्धही त्या जोरावर करता येणार नाही.

आणि ज्यांना डोळेच नाहीत त्यांचे काय? विदर्भातले गुलाबराव महाराज लहानग्या वयातच आंधळे झाले. १८८१ ते १९१५ इतकेच आयुष्य, पण इतरांकडून वाचून घेऊन, तोंडी सांगून त्यांनी मोठी ग्रंथरचना केली. बृहदारण्यकात जनक याज्ञवल्क्याला विचारतो की माणसाला उजेड कशाचा. सूर्याचा, तो मावळला तर चंद्राचा, मग अग्नीचा. तोही विझला तर वाणीचा, कारण स्वतःचा हात दिसेनासा होतो तेव्हा माणूस हाकेच्या दिशेने जातो. गुलाबरावांचे आयुष्य या चौथ्या उजेडावर चालले. वाणीही गेली तर आत्मा, असे पाचवे उत्तर येते, आणि सगळा घोटाळा इथे होतो. त्या आत्म्याला ओळीतला पाचवा दिवा मानले की तो दिवा कोण पाहते, हा केप्लरच्या चित्राचा प्रश्न परत येतो. दृग्दृश्यविवेक हा वेदान्तग्रंथ ही साखळी थांबवतो: रूपाला डोळा पाहतो, डोळ्याला मन, मनाला साक्षी, आणि साक्षीला पाहणारा कोणी नाही. हा मेंदूतला दुसरा डोळाच वेगळ्या नावाने आला, असे म्हणता येईल. पण त्या दुसऱ्या डोळ्याला आपण पाहण्याचे काम लावले होते, साक्षीला कुठलेच काम नाही. म्हणून डोळा कसा पाहतो याचे उत्तर म्हणून तो पुढे करता येत नाही, आणि डोळ्याच्या तपासणीत तो सापडला नाही यानेही काही बिघडत नाही. दर्शनाचा दुसरा अर्धा भाग, देवी भक्ताकडे पाहते हा, मात्र या सगळ्या विवेचनाच्या बाहेरच राहतो. दगडाच्या डोळ्याला पडदा नाही, आणि सोन्याच्या शलाकेने तो येत नाही. ज्याला तो अर्धा भाग सिद्ध करायचा असेल त्याने भक्तिशास्त्राकडे जावे. प्रकाशाची साक्ष तिथे चालणार नाही.